शून्यावरचा काटा

दवाखान्यातल्या मावशींचा आवाज मुळातच मोठा होता. डॉक्टरबाईंची खोली एवढीशी, टेबल आणि तपासायचा पलंग ठेवला की संपली. म्हणून वजनाचा काटा बाहेर, लोक वाट बघत बसायचे त्या बाकांसमोर ठेवलेला. मावशी एकेकाला काट्यावर उभं करायच्या, वाकून आकडा बघायच्या आणि आत डॉक्टरबाईंना ऐकू जावा म्हणून खणखणीत आवाजात सांगायच्या. बावन्न. साठ. एकाहत्तर. बाजारात भाव पुकारावा तसं चालायचं आणि कुणाला त्यात काही वाटायचं नाही.

काटेकाकांना वाटलं, ते मावशींनी "अठ्ठ्याण्णव" म्हटलं तेव्हा.

बाकावरचा बेकरीवाला म्हणाला, "जगाचे काटे सरळ करता करता काकांचा स्वतःचाच काटा फिरला की."

सगळे हसले. काकाही हसले. अशा वेळी हसावंच लागतं, नाहीतर लोकांना कळतं की लागलंय.

बाजारातले वजनकाटे दुरुस्त करणं हा काकांचा धंदा. त्यांचं खरं नाव घरच्यांशिवाय कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी हात लावलेला काटा खोटा निघायचा नाही, एवढी त्यांची पत होती. दुकानदार भांडायला लागले की शेवटी म्हणत, "काकांना बोलवा, ते म्हणतील ते खरं." आणि वजन वाढलं तेही या धंद्यातच. काम झालं की कुठलाच दुकानदार त्यांना कोरडा सोडायचा नाही. इथे बिस्किटं, तिथे चहा, पुढच्या दुकानात मूठभर गोड शेव. नाही कसं म्हणायचं? नाही म्हणता म्हणता पोट पुढे आलं, गुडघे कुरकुरायला लागले आणि रक्तातली साखर कुंपणावर येऊन बसली.

डॉक्टरबाई रागावणाऱ्यातल्या नव्हत्या. वयानं काकांच्या मुलीएवढ्या, पण बोलणं मुरलेल्या शिक्षिकेसारखं. "काका, वजन एका दिवसात चढलं नाही, उतरणारही नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलू. या महिन्यात चहातली साखर. तेवढं जमलं की पुढचं बघू."

काकांनी चहातली साखर सोडली. मग गाडी सोडून पायी फिरायला लागले. एवढं करून पुढच्या महिन्यात काट्यावर चढले, तर मावशी म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णवच."

त्या 'च'नं घात केला. चहा फिका झाला होता, पाय दुखत होते आणि आकडा होता तिथेच. आत डॉक्टरबाई म्हणाल्या, "असं होतं काका, शरीराला वेळ लागतो. बिस्किटांचं काय?" काकांनी मान खाली घातली. बिस्किटं चालूच होती.

त्याच महिन्यात दवाखान्याचा काटा अडकायला लागला. डॉक्टरबाईंनी विश्वासानं काकांना निरोप धाडला. दुपारची वेळ, दवाखाना बंद, मावशी किल्ली देऊन जेवायला गेलेल्या. काकांनी मागचं झाकण उघडलं, गंज पुसला, तेलाचा थेंब सोडला. काम झालं होतं. झाकण लावायचं तेवढं बाकी होतं.

काट्याच्या पोटात एक दांडी असते आणि तिला अडकवलेला एक लोखंडी आकडा. तो आकडा दांडीवर थोडा आत सरकवला, की शून्य शून्यावरच राहतं, पण वर वजन पडलं की काटा कमी दाखवतो. विसात एक किलो. अशी चोरी पकडायची कशी, हे काका सगळ्या बाजाराला शिकवत आले होते. त्यांचे हात झाकणाकडे गेले, थांबले आणि परत आत गेले.

आपलं आपल्यापुरतं, असं ते मनाशी म्हणाले. यात कुणाचं काय जातं?

पुढच्या महिन्यात मावशींनी "त्र्याण्णव" असं पुकारलं, तेव्हा बेकरीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाईंचा चेहरा उजळला. "असंच चालू ठेवा, गोळी सुरू करायला नको," त्या म्हणाल्या. दुसऱ्या पेशंटांनाही त्या सांगू लागल्या, काटेकाकांकडे बघा. काका बघू द्यायचे. घरी बायको कौतुकानं म्हणाली, "अंगात शर्ट सैल वाटतो हो." माणसाला जे बघायचं असतं ते दिसतं. आणि त्र्याण्णव झाल्यावर एखादं बिस्किट खायला काय हरकत, म्हणून काका बिस्किटं जरा जास्तच खायला लागले.

गंमत अशी, की बघता बघता सगळी गल्ली हलकी झाली. बेकरीवाला उतरला, त्याची बायको उतरली. पोस्टमनला तर आपण आजारी आहोत की काय अशी शंका आली. लोक म्हणाले, डॉक्टरबाईंच्या हाताला गुण आहे. काका बाकावर बसून ऐकत आणि चपलेकडे बघत.

मग एक दिवस काकांच्या नातीला खोकला झाला. पाच वर्षांची पोर, घरात सगळे तिला चिमणी म्हणत. सून तिला घेऊन निघाली आणि सोबत म्हणून काकाही गेले. आजोबांच्या मांडीवर बसून चिमणी काटे उघडलेले बघत मोठी झाली होती. आजोबांनी तिला पहिला धडा शिकवला होता, तो असा: वजन करण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघायचं.

चिमणी काट्यासमोर उकिडवी बसली, डोळा बारीक करून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शून्यावर आहे. खरा काटा आहे."

बाकावरची माणसं कौतुकानं हसली. काकांच्या अंगावर सरसरून काटा आला.

आत डॉक्टरबाईंनी मागचे आकडे बघितले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "वजन वाढायला हवं होतं. उलट थोडं कमीच झालंय. नीट जेवते का? काय देता तिला?"

सून सांगू लागली आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक झाला, परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारखा.

"इतक्यात आणखी दोन-तीन मुलांचं असंच दिसलंय," डॉक्टरबाई विचार करत म्हणाल्या. "काका, काटा बरोबर आहे ना?" आणि लगेच स्वतःच हसल्या. "बघा, कुणाला विचारतेय. तुम्हीच तपासलाय म्हणजे प्रश्नच नाही."

काकांनी तोंड उघडलं. समोर सून होती, दारात मावशी होत्या. त्यांनी तोंड मिटलं. डॉक्टरबाईंनी चिमणीच्या रक्ताची तपासणी लिहून दिली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात काकांच्या बायकोचा आवाज चढला. "पोर तोळामासा झाली आणि तुझं लक्ष कुठे असतं? आमच्या वेळी असं कुणी डॉक्टरनं ऐकवलं नव्हतं." सुनेनं चिमणीच्या ताटात आणखी एक घास वाढला. चिमणी म्हणाली, "आई, माझं पोट भरलंय." सून म्हणाली, "भरलं असलं तरी खा." बाहेर बसलेल्या काकांना दोन्ही वाक्यं ऐकू आली. रडणं ऐकू आलं नाही, पण नंतर सून पाणी द्यायला आली तेव्हा तिचे डोळे दिसले.

कुणाचं काय जातं, असं ते म्हणाले होते. हे जात होतं.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी काका पायरीवर बसलेले होते, शेजारी बिडाचं वीस किलोचं वजन. डॉक्टरबाईंना वाटलं, गुडघे दुखतायत. काकांनी वजन उचलून काट्यावर ठेवलं. काटा फिरला आणि एकोणिसावर थांबला.

डॉक्टरबाई वाकल्या. वजनावरचा आकडा वाचला, काट्यावरचा वाचला. त्या हुशार होत्या; फार वेळ लागला नाही.

"कधीपासून?"

"दुरुस्तीला बोलावलंत तेव्हापासून."

"माझी एवढी भीती वाटत होती, काका?"

"भीती नाही. लाज वाटत होती."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

त्या बाकावर बसल्या. आवाज चढवला असता तर काकांना बरं वाटलं असतं. "तुमची गोळी मी या आकड्यावरून लांबवली. ते एक वेळ तुमचं तुमच्यापाशी. पण लहान मुलांचं औषध मी वजनावरून मोजून देते. ठाऊक होतं का?"

"नव्हतं," काका म्हणाले. ते खरं होतं, पण खरं असून त्याचा काही उपयोग नव्हता.

"थोड्या फरकानं कुणाचं बिघडलं नसेल. पण आता एकेकाला परत बोलवावं लागणार." त्यांनी बोटांवर मुलं मोजली. "काटा बिघडला होता, असं सांगते सगळ्यांना."

"काटा बिघडला नव्हता, बाई. मी बिघडवला होता. तसंच सांगा."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली. "चूक माझीही आहे थोडी. हा काटा असा चारचौघांत ठेवायला नको होता. आज आत घेते, पलंग सरकवून. पण आधी सरळ करा तो."

काकांनी झाकण उघडलं, आकडा जागेवर आणला. वजन पुन्हा ठेवलं. वीस. तोवर मावशी आल्या होत्या आणि दारात उभं राहून त्यांनी ऐकायचं तेवढं ऐकलं होतं.

"चढा आता," डॉक्टरबाई म्हणाल्या.

काका चपला काढून चढले. मावशी वाकल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या कुजबुजल्या. "शंभर, बाई."

ती कुजबुज काकांना त्या सगळ्या पुकारण्यापेक्षा जास्त लागली.

"ठीक आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खरा आकडा मिळाला. इथून सुरुवात. या महिन्यात फक्त बिस्किटं. आणि सुनेला सांगा, रक्ताची तपासणी करू नका, चिमणीला घेऊन या."

घरी सून चिमणीची वेणी घालत होती. काका समोर स्टुलावर बसले आणि त्यांनी सांगितलं, आकडा कुठे सरकवला तेही सांगितलं, कारण चिमणी ऐकत होती आणि तिला अर्धवट शिकवलेलं आता पुरं करायला हवं होतं. "काटा शून्यावर असला म्हणजे खरा असतोच असं नाही, बाळा. त्याच्यावर माहीत असलेलं वजन ठेवून बघायचं. हे मी तुला सांगितलंच नव्हतं."

"मग माझं वजन बरोबर आहे?" चिमणीनं विचारलं.

"तुझं बरोबर आहे."

सुनेचे हात वेणीत थांबले होते. ती म्हणाली, "बाबा, काल आई मला जे बोलल्या…" आणि वाक्य तसंच सोडलं. रिबिन बांधून झाल्यावर तिनं विचारलं, "त्यांना तुम्ही सांगणार, की मी सांगू?"

"मी," काका म्हणाले.

स्वयंपाकघराचं दार चार पावलांवर होतं. शंभर किलोंची चार पावलं. बायको भाजी चिरत होती. तिनं वर बघितलं. "काय हो, चेहरा असा का? चिमणीचं काही कळलं का?"

"चिमणीचं वजन बरोबर आहे," काका म्हणाले. "तिच्या आईचंही काही चुकलं नाही. चुकलंय ते माझं. सुरी ठेव जरा खाली."

तिनं सुरी ठेवली. सून दारापर्यंत आली होती. ती आत आली नाही, पण निघूनही गेली नाही.