बारा पानांवरची राख

खोलीत अकरा कुंड्या होत्या. सात खिडकीखाली, तीन पलंगाच्या उशाला आणि एक दाराआड. अकरा झाडांची मिळून एकशे अठरा पानं, त्यांतली चार टोकाला वाळलेली. एक पलंग, एक लोखंडी कपाट, दोन खिडक्या. दोन्हींच्या फटींत जुन्या साडीच्या चिंध्या कोंबलेल्या. भिंतीपलीकडे पंचवीस पावलांवर रस्ता. सकाळी आठ ते नऊ या एका तासात त्या रस्त्यावरून वीटभट्ट्यांकडे वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेचे एकतीस टिप्पर गेले, त्यांतल्या सहांवर ताडपत्री होती. योगितानं हे सगळं वहीत मांडलं आणि वर तारीख टाकली.

झाडं तिच्या आईनं, साखराबाईनं, आणली होती. थोरली लेक मुक्ता नेकनूरला दिलेली, तिला सहावा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात बोलण्यासारखं काही नव्हतं. पण मागच्या उन्हाळ्यात मुक्ता चार दिवस राहायला आली ती दम लागूनच परत गेली. पुढं दोन महिने तिच्या हातातून दम्याचा पंप सुटला नाही. तिची सासू सरस्वतीबाई हे विसरली नव्हती. ती फोनवर गोड बोलायची. म्हणायची, लेक तुमचीच आहे विहीणबाई, न्या खुशाल, पण तुमच्या घरची हवा तेवढी एकदा बघा.

साखराबाईला हे लागलं. बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी फोनवर दाखवलं की स्नेक प्लांट नावाचं झाड घरातली वाईट हवा ओढून घेतं आणि रात्रभर प्राणवायू सोडतं. आठ दिवसांत ती लातूरच्या रोपवाटिकेतून अकरा कुंड्या घेऊन आली. उभी, तलवारीसारखी पानं, त्यांवर फिकट आणि गडद हिरव्या रंगाचे आडवे पट्टे. तिचा नवरा हरिबा शेरडं बांधून आत आला आणि दारातच थांबला.

"आजवर साप निघाला की काठीनं बाहीर काढायचो," तो म्हणाला. "आता कुंडीत लावून पाणी घालायलीस व्हय?"

साखराबाईनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. तिनं योगिताला जवळ बसवलं आणि सांगितलं की तू रसायनात बी.एस्सी. झालीस, तर या खोलीची हवा मोज आणि विहिणीला कागदावर लिहून दे. तिला नुसतं आमचं तोंडी सांगणं पटायचं नाही.

योगितानं आईला समजावून पाहिलं. काचेच्या बंद पेटीत ठेवली तर ही झाडं काही वायू शोषतात, हे खरं. घराच्या खोलीत तेवढाच फरक पडायला अकरा नाही, काही शे झाडं लागतील. प्राणवायू ती रात्री नाही, उजेडातच सोडतात, आणि माणसाच्या एका श्वासापुढं तोही मोजण्याइतका नसतो. झाड चिवट आहे, अंधारात जगतं, वीस दिवसांनी पाणी दिलं तरी तक्रार करत नाही, दिसायला छान दिसतं. फायदे म्हणायचे तर हे. आणि राख काही वायू नाही, तिचे कण असतात.

साखराबाईचा चेहरा उतरला. तेव्हा योगिताला दुसरी गोष्ट सुचली. या झाडाचं पान रुंद, ताठ आणि गुळगुळीत. त्यावर जे बसतं ते कुणी काढेपर्यंत तिथंच राहतं. झाड हवा साफ करत नसेल, पण खोलीत काय पडतं ते धरून ठेवतं. तेवढं तरी तोलता येईल. सगळ्यांत बारीक राख पानावर बसतच नाही, ती तरंगत राहते आणि छातीत जाते. तिचं वजन या रीतीनं कधीच कळणार नव्हतं. हेही तिनं वहीत लिहून ठेवलं.

बारा-बारा पानांची दोन झाडं तिनं निवडली आणि धुऊन वाळवली. एक ओसरीवर ठेवलं, एक खोलीत पलंगाच्या उशाला. आईला सांगितलं की आठ दिवस कुंडी हलवायची नाही. अंबाजोगाईच्या तिच्या जुन्या कॉलेजात मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा होता आणि सरांनी तो वापरायची परवानगी दिली होती. आधी तोलून घेतलेल्या गाळण कागदानं रविवारी सकाळी दहा वाजता बाराही पानं दोन्ही बाजूंनी पुसायची, कागद पुडीत बंद करायचा, सोमवारी ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा तोलायचा. सोबत एक कोरा कागदही न्यायचा, म्हणजे प्रवासात कागदाचंच वजन किती वाढतं ते वजा करता येईल.

पहिल्या आठवड्यात ओसरीवरचे दोनशे चौदा मिलिग्रॅम आले. खोलीतले नऊ. दुसऱ्या आठवड्यात दोनशे सहा आणि अकरा.

खोलीतली राख ओसरीच्या साधारण विसावा हिस्सा. चिंध्या कोंबलेल्या खिडक्या एवढं काम करतात याचं योगिताला नवल वाटलं, पण आकडा दोनदा आला होता. तिनं वहीच्या पानाचा फोटो काढून दाजींना, म्हणजे परमेश्वरला, पाठवला. सरस्वतीबाईनं तो थोरल्या लेकाच्या पोराकडून वाचून घेतला आणि म्हणाली, शिकलेल्या पोरीनं लिहिलंय, मग झालं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आठवा लागता लागता, मुक्ता माहेरी आली.

दहाव्या दिवशी तिला खोकला सुरू झाला. आधी कोरडा, पहाटेपुरता. मग ती दुपारीसुद्धा उशी उभी करून टेकून बसायला लागली. विचारलं तर म्हणायची, पोट वर आलंय, सगळ्यांनाच होतं असं. हरिबानं शेरडं रस्त्याकडच्या लिंबाखाली न्यायचं बंद केलं. तिथल्या खालच्या फांद्यांचा राख बसलेला पाला ती हुंगून सोडून देत होती. तो बुंध्यावर आपटून झाडावा तेव्हा कुठं एखादी तोंड लावायची.

योगिता उशाच्या कुंडीपाशी बसली. पानं स्वच्छ होती, जरा जास्तच. तिनं दोन पानं फाकवून बुडाशी पाहिलं. तिथं करड्या रंगाची एक कड जमली होती. नखानं निघेना. केसातली पिन घालून तिनं खपली काढली, ती गिलाव्यासारखी टणक होती. मग ती ओसरीवर गेली आणि तिथल्या झाडाच्या बुडाशी फुंकर मारली. राख भुर्रकन उडाली. कोरडी राख अशी बसत नाही. ती बसायला पाणी लागतं, आणि तेही पानावरून खाली ओघळलेलं.

साखराबाई मागच्या दारी भांडी घासत होती.

"माय, खोलीतली पानं कोण पुसतंय?"

"मीच की. आन् कोण पुसंल?"

"कवापासून?"

"आणली तवापासून. रोज सकाळी, सहाच्या आत. ओलं फडकं फिरवते."

"मी म्हणलं होतं ना, आठ दिवस..."

"कुंडी हलवू नको म्हणलीस. म्या हलवली का?" साखराबाईनं तवा पालथा घातला. "त्या रोपवाल्यानं सांगितलंय, पानं पुसली न्हाई तर झाडाला दम घेता येत न्हाई. आन् बाळंतिणीच्या खोलीत धूळ ठिवू काय मी, तुझ्या काट्यासाठी?"

चूक योगिताचीच होती. झाडाला हात लावायचा नाही, एवढे चार शब्द तिनं उच्चारले नव्हते. ओसरीवरचं झाड दाराबाहेरचं म्हणून फडक्यातून सुटलं होतं. खोलीतले नऊ मिलिग्रॅम आठवड्याचे नव्हतेच. ते सकाळी सहा ते दहा एवढ्या चार तासांचे होते. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. तिनं वहीत गुणाकार केला आणि आलेला आकडा खोडला. टिप्पर सगळ्या वेळी सारखे धावत नाहीत, असा गुणाकार धरता येत नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती आणि ती खोडता येत नव्हती. ओसरीवर बसलेली राख वाऱ्यानं परत उडते. बंद खोलीत शिरलेली राख कुठंच जात नाही.

सगळे मुक्ताच्या पलंगाभोवती बसले. योगितानं काही न लपवता सांगितलं. हरिबा म्हणाला की आजच्या आज गाडी बघतो, पोरीला नेकनूरला सोडू. साखराबाई पदर तोंडाशी धरून बसली. मुक्तानं मात्र मान हलवली. भरल्या पोटी माहेरातून माघारी गेलं तर सासू जन्मभर ऐकवणार, की तुझ्या आईबापाला एक बाळंतपण झेपलं नाही. खोकला काय, जागा बदलली की होतोच.

"अक्का, चुकलं माझं," योगिता म्हणाली. "पण तू हितं राहू नको."

मुक्ता उशीवरून पुढं सरकली. "तुजा पैला आकडा वाचूनच आले ना मी? मग आता दुसऱ्यावर कावून विश्वास ठिवू?"

शेवटी ठरलं ते मुक्ताच्याच म्हणण्यानं. ओसरीवरचं झाड धुऊन नेकनूरला, तिच्या तिथल्या खोलीत ठेवायचं. उशाचंही बुडापर्यंत धुऊन या खोलीतच. दोन्ही झाडांना आठ दिवस कुणीही शिवायचं नाही. इथला आकडा तिथल्याच्या दुपटीच्या आत आला तर ती इथंच बाळंत होणार, आणि कुणी तोंड उघडायचं नाही. वर गेला तर त्याच दिवशी गाडी. आठ दिवस थांबणं योगिताला पटत नव्हतं. तिनं तसं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला तिच्याकडं खरा आकडा नव्हता.

परमेश्वर मोटारसायकलवर येऊन झाड घेऊन गेला. रविवारी दुपारी बारा वाजता दोन्ही घरी एकाच वेळी मोजणी सुरू झाली.

साखराबाईला ते आठ दिवस जड गेले. सकाळी तिचा हात आपसूक फडक्याकडं जायचा आणि मधेच थांबायचा. खोलीतलं बाकी सगळं ती पुसायची, कपाट, खिडकीचा कट्टा, पलंगाचे पाय. त्या एका झाडाला वळसा घालायची. बुधवारी पानांची चमक गेली. गुरुवारी फिकट पट्टे कुठले आणि गडद कुठले हे खिडकीपासून ओळखू येईना. शुक्रवारी पलीकडच्या पुलाचं काम निघालं म्हणून तिकडच्या गाड्याही या रस्त्यानं वळवल्या. योगितानं तासाला चव्वेचाळीस मोजल्या. मुक्ता दिवसभर बापासोबत लांबच्या माळावर शेरडांमागं सावलीत बसून यायची. खोलीत फक्त झोपायला. शनिवारी ती पलंगावर बसून झाडाकडं नुसती बघत राहिली. झाड तिच्या उशीपासून एक हातावर होतं. बाराही पानं एकाच रंगाची झाली होती.

"माय," ती हळूच म्हणाली, "मी बी हितंच निजते ना गं, ह्याच्या बाजूला."

साखराबाई उठून बाहेर गेली.

रविवारी योगिता सकाळच्या बसनं नेकनूरला गेली. दोन्हीकडं बाराच्या ठोक्याला पुसायचं होतं, म्हणून इथलं झाड आईनं पुसायचं ठरलं. आदल्या दिवशी तिनं आईकडून चार वेळा करून घेतलं होतं: कागद कसा धरायचा, पान बुडापासून टोकाकडं कसं पुसायचं, पडेल ते पुडीतच कसं घ्यायचं. पानं मुक्ता मोजणार होती. सरस्वतीबाईच्या घरी चहा झाला. खोलीत उघड्या खिडकीतून ज्वारीच्या कडब्याचा वास येत होता. बारा वाजता योगितानं फोन लावला आणि कट्ट्यावर ठेवला. तिकडून मुक्ताचा आवाज येत होता: एक. दोन. तीन. सातव्यानंतर ती खोकली, बराच वेळ. मग आठ.

संध्याकाळी घरी आल्यावर साखराबाईनं पुडी तिच्या हातात दिली. दोरा दोनदा गुंडाळला होता.

"एक बी पान सोडलं न्हाई," ती म्हणाली. "बुडातलं सुद्दा काढलंय. कमी यावं म्हणून हात आखडला न्हाई म्या. मनात आलतं."

योगितानं पुडी वहीत ठेवली. आई अजून समोर उभी होती. तिनं बोटं पदराला पुसली, पण ती करडीच राहिली.

सोमवारी हरिबानं सकाळीच गाडी सांगून ठेवली; लागली तर असू दे, म्हणाला. मुक्ताची पिशवी ना भरली होती, ना रिकामी होती. योगिता कॉलेजात पोचली तेव्हा सर तास घेत होते. तिनं तिन्ही कागद ओव्हनमध्ये ठेवले आणि दोन तास बाकावर बसून राहिली. फोन तीनदा वाजला, तो तिनं उचलला नाही. मग कागद काढून निवू दिले, काटा शून्यावर आणला, काचेचं दार लावलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरून थांबली. प्रत्येक कागद तिनं तीन वेळा तोलला.

कोऱ्या कागदाची वाढ एक मिलिग्रॅम. ती दोन्हींतून वजा केली.

नेकनूर, बारा पानं, सात दिवस: चौदा मिलिग्रॅम.

घर, बारा पानं, सात दिवस: दोनशे सत्त्याऐंशी मिलिग्रॅम.