सहाव्या टेबलावरची पिशवी

मित्रांनो, पिशवी होण्याआधी मी एका जीनच्या पँटचा डावा पाय होते. उजवा पाय गुडघ्यावर फाटला, तेव्हा मालकाने पँट टाकून दिली आणि तो दुसऱ्या शहरात नोकरीला निघून गेला. त्याच्या बहिणीने मला कचऱ्याच्या डब्यातून उचललं. चांगलं कापड तिला टाकवायचं नाही. ती एका इस्पितळाच्या शिवणखोलीत काम करायची. दिवसभर चादरी, अभ्रे आणि पडदे. त्या खोलीत खिडकी एक, मशीन एक आणि माणूसही एकच.

सुट्टीच्या दिवशी मात्र ती नेमबाजीच्या मैदानावर जायची. कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. पन्नाशीची, बारीक अंगाची, हळू बोलणारी बाई आणि हातात रायफल! पण टेबलापाशी बसून श्वास सोडला की समोरच्या कागदाखेरीज तिला जगात दुसरं काही दिसायचं नाही. रायफलचं पुढचं टोक एका ठेंगण्या तिवईवर टेकलेलं असायचं. मागच्या दस्त्याखाली ती स्वतःची डावी मूठ ठेवायची. पण मूठ किती वेळ दम धरणार? दहा गोळ्या झाल्या की मूठ सैल पडायची आणि नेम हलायचा. इतरांकडे त्या जागी ठेवायला विकतच्या चामडी पिशव्या होत्या. हिने ठरवलं, आपली आपण शिवू.

तिने मला दीड वीत लांब कापलं. उलटं करून कडेने दुहेरी शिवण घातली, चार बोटं तोंड उघडं ठेवलं आणि मला पुन्हा सुलटं केलं. मग नरसाळ्याने तांदूळ भरले. पहिल्यांदा इतके ठासून भरले, की मी दगडासारखी टणक झाले. मग बरेचसे काढले, तर मी अगदीच मरगळले. चार वेळा उसवणं-शिवणं झालं. रायफल मैदानावरच्या कपाटात असायची, म्हणून घरी तिने झाडूचा दांडा माझ्यावर टेकवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. मला आवळलं, की दांड्याची मागची बाजू वर जायची आणि पुढचं टोक खाली. सैल सोडलं, की उलट. पंधरा तारखेवरून टोक अलगद खालच्या ओळीतल्या बावीसवर उतरलं, तेव्हा ती एकटीच हसली.

"जमलं की गं!" ती मला म्हणाली. त्या घरात दुसरं कुणी नव्हतंच म्हणायला.

मैदानावर तिला कुणी नावाने ओळखत नव्हतं. ती नेहमी सहाव्या टेबलावर बसायची, म्हणून सगळे तिला 'सहा नंबर' म्हणायचे. तेही तिच्या पाठीमागे. समोर कुणी फारसं बोलायचंच नाही. एकदा दमट हवेने माझ्या तांदळात किडे झाले आणि त्यातला एक भर टेबलावर फिरायला लागला. तिने लाजेने त्याला हाताने झाकलं. पण तिला पाहायला कोण होतं? घरी जाऊन तिने तांदूळ फेकले आणि एका बसलेल्या उशीतले प्लास्टिकचे बारीक दाणे माझ्यात भरले. तेव्हापासून माझी तब्येत ठणठणीत आहे.

माझ्या भाग्याचा दिवसही मला आठवतो. तिने पाच गोळ्या मारल्या आणि पाचही भोकं कोटाच्या एका बटणाखाली झाकली गेली असती, इतकी जवळ पडली. शेजारच्या टेबलावरचे बँकेतले साहेब वाकून बघायला लागले.

"ही पिशवी कुठून घेतली?"

"घरी केली."

"अरे वा!" म्हणून ते आपल्या जागी गेले.

त्या संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती दोनदा स्वतःशीच म्हणाली, "अरे वा म्हणाले!" मला आनंद झाला, पण मित्रांनो, एवढ्याशा दोन शब्दांवर माणसाने किती दिवस काढायचे?

मग तो दिवस आला. तिची मूठ मला ओळखीची होती. एकदाच आवळायची आणि थांबायची. त्या दिवशी मात्र ती आवळत होती, सोडत होती, पुन्हा आवळत होती. तिने रायफलवरच्या दुर्बिणीची काच पुसली. परत पुसली. "काळे ठिपके कसले हे?" ती पुटपुटली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाजूने पडदा ओढल्यासारखं का दिसतंय?" तिने रायफल जमा केली आणि घाईघाईने निघाली. मी टेबलावरच राहिले.

मैदानाच्या रखवालदाराने मला उचलून त्याच्या खोलीतल्या फळीवर ठेवलं. एका बाजूला एकटा हातमोजा आणि दुसऱ्या बाजूला बिनझाकणाचा थर्मास. मला वाटलं, पुढच्या सुट्टीला ती येईल. आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. सहाव्या टेबलावर दुसरंच कुणी बसायला लागलं. दार वाऱ्याने आपटायचं म्हणून रखवालदाराने मला दाराशी टाकलं. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागायचा. मला पायाचं दुःख नव्हतं. एवढी माणसं रोज माझ्यावरून गेली, पण 'ही कुणाची?' असं एकानेही विचारलं नाही, याचं होतं.

असे आठ महिने गेले. वर्षअखेरीला रखवालदार जुनी वही चाळत होता. ज्यांनी येणं बंद केलं, त्यांची नावं त्याला कमी करायची होती. एका नावापुढे 'टेबल सहा' लिहिलं होतं, तिथे त्याचं बोट थांबलं. त्याने वही मिटली, मला दारातून उचललं, झटकलं आणि वहीतल्या पत्त्यावर निघाला.

दार तिनेच उघडलं. तिच्या चष्म्याला उजव्या बाजूला गडद काच होती.

"तुमची पिशवी राहिली होती," तो म्हणाला.

तिने मला दोन्ही हातांत घेतलं. कितीतरी वेळ ती शिवणीवरून बोट फिरवत राहिली.

"डोळा गेला हो," ती शेवटी म्हणाली. "वाटलं, झोप झाली की बरं वाटेल. आठवडा तसाच काढला. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आला असतात, तर काहीतरी करता आलं असतं."

रखवालदार खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही भिंतीला हात लावत लावत जात होता. मी पाहिलं होतं. विचारणार होतो."

"मग?"

"राहून गेलं."

ती रागावेल असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "आत या. बसा."

जाताना त्याने दारात उभं राहून सांगितलं, "डाव्या डोळ्याने, डाव्या खांद्यावरून गोळी मारणारी माणसं असतात, बाई. सोपं नाही. पण असतात." तिने मला कपाटात ठेवून दिलं. तीन आठवड्यांनी मात्र तिने मला थैलीत घातलं आणि मैदान गाठलं.

आता मला तिची उजवी मूठ आवळते. त्या मुठीला माझी सवय नाही आणि मला तिची. पहिल्या दिवशी दहातल्या सात गोळ्या कागदालाही लागल्या नाहीत. हल्ली लागतात, पण बटणाखाली झाकल्या जातील अशा नाहीत. कधी जातील असंही वाटत नाही.

गेल्या आठवड्यात तिने मध्येच डोकं वर केलं आणि रखवालदाराला विचारलं, "दोन नंबरवरचे म्हातारे गृहस्थ दिसले नाहीत. मागच्या वेळीही नव्हते."

"येतील की."

"त्यांचा फोन नंबर द्या मला."

ती बाकावर बसली. मी तिच्या मांडीवर होते. पलीकडून फोन उचलला गेला. म्हाताऱ्यांना साधी सर्दी झाली होती, दुसरं काही नाही. पण मित्रांनो, ते अर्धा तास बोलले.

माझी शिवण आता एका कोपऱ्यात सुटायला आलीय. ती घालता येईल, मला त्याची काळजी नाही. तुमच्याकडे मागायचं ते एवढंच. रोज दिसणारं माणूस दिसेनासं झालं, तर 'येईल की' म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी विचारा.