मुकी पट्टी

त्या दिवशी चित्रपटगृहाचा पहिला खेळ दुपारी दोनचा होता आणि त्याला तिकीट नव्हतं. ज्यांनी ज्यांनी त्या इमारतीला हात लावला होता, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी तो ठेवला होता. संध्याकाळी सहाला गावासाठी दारं उघडणार होती. सतरा वर्षं तिथे फरश्यांचं गोदाम होतं. दोन वर्षं खपून ती जागा पुन्हा उभी केल्यावर पहिल्यांदा कारागिरांनीच बसून बघावं, ही कल्पना समितीच्या अध्यक्षबाईंची.

तिसऱ्या रांगेत, डाव्या कडेला, मामा आपल्या थोरल्या बहिणीशेजारी, अक्कांशेजारी, बसले होते. मामांचा धंदा पियानो सुरात लावण्याचा. आयुष्यभर त्यांनी लोकांचे पियानो लावले आणि स्वतः मात्र एक धड गाणं कधी वाजवलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणत, "चष्मे करणाऱ्यानं वाचलंच पाहिजे असं कुठंय?"

पडद्याखाली वादकांसाठीच्या खड्ड्यात जो पियानो उभा होता, तो फरश्यांच्या खोक्यांखाली सापडलेला. चार महिने मामांनी त्याच्यावर घालवले. आतल्या हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा बदलला, कीड लागलेलं लाकूड कापून नवं बसवलं, एकेक पट्टी हलकी केली. तारांना मात्र हात लावला नाही. "दोनशेच्या वर तारा आहेत आणि एकही बदलली नाही," हे त्यांनी अध्यक्षबाईंना इतक्यांदा सांगितलं की बाईंनी ते पत्रकात छापलं. पत्रकाची घडी मामांच्या वरच्या खिशात होती, जरा बाहेर डोकावेल अशी.

आणि पियानोपुढे बसली होती चिमी, अक्कांची मुलगी, मामांची भाची. वय चौतीस, पण घरात अजून चिमीच. मूकपटाला सव्वा तास एकटीनं साथ करायची होती.

चिमीला पियानोजवळ पहिल्यांदा नेलं ते मामांनीच. नऊ वर्षांची असताना मामांनी एक सूर वाजवला तर ती शेजारच्या खोलीतून म्हणाली, "मामा, तिथे तीन तारा आहेत ना? दोघींचं पटतंय, तिसरी रुसलीय." त्या दिवशी मामा दोन घास जास्त जेवले, एवढंच. पुढे ती रीतसर शिकली, परीक्षा दिल्या, दोन स्पर्धांत शेवटच्या फेरीपर्यंत पोचून परत आली, आणि एका शाळेत लागली. अक्का चारचौघांत म्हणायच्या, "एवढं शिकून काय, तर मुलं कवायत करतात आणि ही वाजवते. एक दोन तीन, हात वर." मामा ऐकून घ्यायचे. तिचं वाजवणं कसं आहे असं कोणी विचारलं तर "ठीक" म्हणायचे. त्यांच्या तोंडून 'ठीक' निघणं हीच मोठी गोष्ट आहे, हे त्यांना स्वतःला माहीत होतं. इतरांना कसं कळणार, हा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

सकाळी मात्र दोघांचं थोडं वाजलं होतं. चिमी हात मोकळा करायला आली होती. वाजवता वाजवता थांबली आणि डावीकडची चौथी पट्टी दोन-तीनदा दाबून बघितली.

"मामा, ही खर्जातली तार मला बरी वाटत नाही. सूर सुटताना घोगरा होतोय."

मामांनाही ते ऐकू आलं होतं, आठवड्यापूर्वीच. खालच्या तारा जाड, तांब्याचा वेढा दिलेल्या. तिथे एका पट्टीला एकच तार. ती खुंटीवर ताणताना त्यांच्या मनगटाला ती दमलेली लागली होती. नवी करून घ्यायची तर तीन आठवडे, आणि मग 'एकही बदलली नाही' हे कुठे राहिलं?

"पन्नास वर्षं टिकलीय," ते म्हणाले. "तुझे दोन खेळ टिकेल."

"पण समजा..."

"चिमे, तारांचं मला शिकवू नकोस. तू तुझं वाजवण्याचं बघ."

तिनं पट्टीवरून हात काढला. तेवढ्यात चित्रपटाचं यंत्र चालवणारा आला आणि विषय तिथेच राहिला.

दिवे मंद होऊ लागले. पण पहिली पाच मिनिटं पडद्याकडे बघतंय कोण? गिलावा करणारा मान मागे टाकून छताच्या नक्षीकडे बघत होता. खुर्च्यांना कापड चढवणारी बाई बसल्या जागी शिवणीवरून बोट फिरवत होती. वीजवाला विझणारे दिवे ओठांतल्या ओठांत मोजत होता, आणि शेवटचा विझला तेव्हा त्यानं सुस्कारा सोडला. मामा फक्त ऐकत होते. पियानोचा पहिला सूर भरदार उठला, सज्ज्यापर्यंत गेला आणि गोल होऊन परत आला. त्यांनी खिशातलं पत्रक उगाच एकदा चाचपलं.

मग हळूहळू चित्रपटानं सगळ्यांना ओढून घेतलं. गोष्ट साधी होती. एका कचेरीत टंकलेखन करणारी मुलगी. भाड्याच्या खोलीत एकटी राहते. स्टेशनवर तिची पेटी दुसऱ्याच्या पेटीशी बदलते. आत काय आहे ते तिला ठाऊक नाही, पण काळ्या हातमोज्यांच्या माणसाला ठाऊक आहे आणि तो पेटी शोधत निघालाय. मधूनमधून संवादांच्या पाट्या येत. त्या अक्का मोठ्यानं वाचत, मग पाटी नसतानाही बोलू लागल्या.

"अगं, जिन्याखाली बघ आधी. कशी बाई ही, जराही वळून बघत नाही."

"अक्का, तिला ऐकू येत नाही."

"म्हणून काय आपण बोलायचंच नाही?"

साधारण अर्धा तास झाला असेल. पडद्यावर ती मुलगी दिव्याखाली बसून पेटीत सापडलेली चिठ्ठी उलगडत होती. पियानो अगदी हळू, बोटांच्या टोकांवर चालला होता. एवढ्यात धाडकन आवाज झाला. बंदुकीचा बार काढावा तसा. सगळं चित्रपटगृह खुर्चीतून वीतभर उडालं. मागे कोणीतरी "आई गं" म्हणालं.

मामांना बघावं लागलं नाही. तार तुटली होती.

पडद्यावर ती मुलगी शांतपणे चिठ्ठी वाचतेय, तिच्या खोलीत काहीही झालेलं नाही, आणि प्रेक्षकांनी तर बार ऐकलाय. आता लोक खड्ड्याकडे बघणार, कुजबुजणार, कोणीतरी हसणार. मामा उठायला लागले. उठून काय करणार होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अक्कांनी बाही धरून खाली बसवलं.

"आता कुठे निघालास? तो आला बहुतेक."

चिमीनं दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले होते. पियानो बंद. श्वास ऐकू यावेत अशी शांतता पसरली. मग तिनं डावा हात खाली नेला आणि तीच चौथी पट्टी दाबली.

ठक.

सूर नाहीच. तार नसल्यावर उरतं ते नुसतं लाकूड. आतली हातोडी पोकळीत जाते आणि पियानोच्या पोटात कुठेतरी कोरडा ठोका पडतो. ती थांबली. पुन्हा दाबली. ठक. मधलं अंतर थोडं कमी केलं. ठक. ठक.

"जिना चढतोय तो," अक्का दबक्या आवाजात म्हणाल्या.

पडद्यावर अजून कोणीच जिना चढत नव्हतं. ती मुलगी चिठ्ठीच वाचत होती. पण चिमीनं हा चित्रपट घरी अकरा वेळा बघितला होता. पुढचं दृश्य काय आणि ते किती श्वासांवर आहे, हे तिला पाठ होतं. सहावा ठोका पडला आणि पडद्यावर काळोखातला जिना आला, कठड्यावर काळा हातमोजा आला, आणि सगळ्या प्रेक्षागृहानं एकदम श्वास आत ओढला. मघाचा तो बार आता खालच्या दाराचा झाला होता. कोणीही खड्ड्याकडे बघत नव्हतं.

पुढचा पाऊण तास मामांनी पडदा जवळजवळ बघितलाच नाही. ते चिमीच्या डाव्या हाताकडे बघत होते. तिनं बांधून ठेवलेली सगळी साथ त्या खालच्या सुरावर उभी होती, हे त्यांना माहीत होतं. आठवडाभर ऐकत होते ते. आता तो सूरच नव्हता. ती त्या जागेपाशी यायची आणि अलगद वळसा घालून जायची, कधी वरच्या सप्तकातून, कधी आधीच्या सुरावर रेंगाळून, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की गाणं असंच आहे. तुटलेली तार शेजारच्या तारांवर पडून झणझणत होती, म्हणून त्या दोन पट्ट्याही तिनं सोडून दिल्या. तीन जागा गेल्या होत्या आणि त्या कोणाला दिसत नव्हत्या. फक्त तो माणूस जवळ आला की ठक. तेवढंच. दर वेळी अक्कांची बोटं मामांच्या मनगटात रुतायची.

शेवटच्या प्रसंगात मुलगी कपाटात लपली होती आणि तो माणूस खोलीत फिरत होता. चिमीनं सगळे सूर काढून घेतले. दोन मिनिटं नुसते ठोके. गिलावेवाला खुर्चीच्या कडेला आला होता. खुर्चीवाल्या बाईनं स्वतःच चढवलेलं कापड मुठीत आवळलं होतं. मग पोलिस आले, हातमोजे गळाले, मुलगी बाहेर आली, आणि आता समारोप. मामांनी डोळे मिटले. समारोप त्याच खर्जावर उतरायचा होता, दुसरीकडे उतरायला जागा नव्हती. चिमीनं शेवटचं सगळं दीड सूर वर उचललं. वाजवता वाजवता, न थांबता, दोन्ही हातांनी, आणि घरी पोचल्यासारखी भलत्याच खर्जावर येऊन उतरली. तो खर्ज शाबूत होता.

मामांनी डोळे उघडले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

अध्यक्षबाई पुढे आल्या. सगळ्यांचे आभार मानले, छताचे, पडद्यांचे, दिव्यांचे. मग म्हणाल्या, "आणि हा पियानो बघा. मूळच्या तारा, एकही न बदललेली. मामांनी तो असा लावला की आज जिन्यावरचं पाऊलसुद्धा त्यात ऐकू आलं." माना मामांकडे वळल्या, टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.

मामांनी हे मुकाट्यानं स्वीकारलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. चिमी तर खाली मान घालून कागद आवरत होती. ती बोलणार नव्हती, हे उघड होतं. मामा उठले. पुढच्या रांगेच्या पाठीला धरून उभे राहिले.

"बाई, थोडं दुरुस्त करतो," ते म्हणाले. "अर्ध्या तासात एक तार तुटली. तुम्ही सगळे दचकलात ना, ती. दमलेली तार होती आणि ते मला माहीत होतं. हिनं सकाळी मला सांगितलं, मी हिला गप्प केलं. पत्रकातलं वाक्य खरं राहावं म्हणून." त्यांनी खड्ड्याकडे हात केला. "ते जिन्यावरचं पाऊल पियानोचं नाही. पट्टी मुकी झाली होती. हिनं तिला बोलायला लावलं. आणि बाकीचं तीन पट्ट्या सोडून वाजवलं. मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे, मोठमोठे वाजवणारे जवळून ऐकलेत. असं वाजवलेलं मी ऐकलेलं नाही."

ते खाली बसले. मग वीजवाल्यानं सुरुवात केली, आणि या खेपेला टाळ्या खड्ड्याच्या दिशेनं गेल्या आणि थांबेनात. चिमी वळली, उठून उभी राहिली, मामांकडे बघितलं, आणि ओशाळल्यासारखी एकदाच मान लववली.

अक्का डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "हे इतकं सगळं तिला आधी कधी सांगितलंस का रे?"

"नाही."

"मीही नाही," अक्का म्हणाल्या. "कवायत कवायतच करत बसले."

लोक चहाला बाहेर गेल्यावर मामा हत्यारांची पिशवी घेऊन खड्ड्यात उतरले. पुढची फळी काढली. तार मधोमध तुटून वेटोळं घालून पडली होती. चिमीनं न सांगता विजेरी धरली.

"गाठ मारून जोडतो," मामा म्हणाले. "सहाच्या खेळापुरती टिकेल." लगेच त्यांनी तिच्याकडे बघितलं. "टिकेल ना? तू सांग."

चिमी हसली. वाकून तारेचं टोक बोटांनी चाचपलं, शेजारच्या तारा छेडून ऐकल्या.

"नको जोडूस," ती म्हणाली. "काढून टाक, म्हणजे झणझण थांबेल आणि बाजूच्या दोन पट्ट्या मला परत मिळतील. ही मुकीच राहू दे. मला ती पावलं हवीत."

"म्हणजे गावासमोर एक तार कमी असलेला पियानो?"

"हो. चालेल?"

मामांनी विचार केला. चाळीस वर्षांत त्यांनी अपुरा पियानो कोणाच्या हवाली केला नव्हता. त्यांनी खुंटी सैल केली, तार सोडवून काढली आणि गुंडाळून पिशवीत टाकली. मग पट्टीखालचा नमदा जरा काढून घेतला.

"आता बघ," ते म्हणाले. "ठोका जास्त कोरडा येईल."

तिनं पट्टी दाबली. ठक. मागच्या रांगेत झाडणारा माणूस दचकून वळला.

"मस्त," चिमी म्हणाली.

सहाला रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. मामा दाराशी थांबले होते. आत जाणारा कोणी ना कोणी पत्रक बघून विचारायचा, पियानो तुम्हीच लावलात का? "हो," मामा म्हणत. "एक तार सोडून." आणि पुढच्यानं वाट अडवून काही विचारायच्या आत सांगून टाकत, "पण वाजवतेय ती माझी भाची. पुढे बसा, डाव्या बाजूला. तिचा हात दिसेल."

अक्का केव्हाच आत जाऊन तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, आणि शेजारच्या अनोळखी बाईंना चिमीचं पहिल्या इयत्तेपासूनचं सगळं सांगत होत्या.