तेलेसियाच्या तेरा जोड्या

जुनी विद्यार्थिनी लोसालिने हिच्या पत्राला फिलिमोने मास्तरांनी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. पलीकडच्या वावाऊ बेटावरच्या बालवाडीत ती मुलींना हिको हा खेळ शिकवायची. गाणं म्हणत टुइटुईच्या झाडाच्या गोल बिया वर फेकून झेलायच्या. पालकांची समिती म्हणे, खेळ पुरे, पाट्या द्या. ‘मास्तर, महिनाअखेर बैठक आहे. तुमचं पत्र आलं तर खेळ वाचेल,’ असं तिनं लिहिलं होतं.

पण मास्तरांनी स्वतःच्या वर्गात हिको कधी चालू दिला नव्हता. सापडल्या की बिया जप्त. आता कोणत्या तोंडानं लिहायचं? तीन मसुदे फाडून झाले होते.

शुक्रवारी चर्चच्या जेवणासाठी कोनफळं मोजायची होती. मोजायची ती जोडीजोडीनंच. मास्तर दोन-दोन उचलून चटईवर ठेवत होते. शेजारी साडेचार वर्षांची नात तेलेसिया बी झेलत गुणगुणत होती. मध्येच पत्र आठवलं आणि आकडा निसटला.

“किती झाल्या होत्या गं?”

“जन्मभर गणित शिकवलंत,” त्यांची बायको विका आतून म्हणाली, “आणि घरची कोनफळं मोजता येईनात!”

“आजोबा, माझं गाणं एकदा संपलं आणि वर तीन झेल झाले.”

“गाण्याचा इथे काय संबंध?”

“तुम्ही जोडी ठेवली की मी एक झेलत होते. गंमत म्हणून!”

एका गाण्यात झेल दहा. तेलेसियाला दहाच्या पुढे आकडे येत नव्हते. मास्तरांनी मोजलं, तेरा जोड्या. पुन्हा मोजलं. तेराच.

“मला शिकव बघू,” ते खाली बसले. पहिलीच बी कपाळावर आदळली.

“अहो, मुलींचा खेळ तो! कुणी बघेल!”

“बघू दे.”

“हाताकडे बघू नका, आजोबा. गाणं म्हणा.”

दुसरी बी चहात पडली. विका हसून हसून दारातच बसली.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं: ‘खेळानं मूल हुशार होतं का, हे ठामपणे सांगणारा मी कोण? पण आमच्या नातीला तेरा म्हणता येत नाही, तेरा कळतात. मी बिया जप्त करायचो, ती माझी चूक. हे बैठकीत वाचून दाखव.’

शेवटचं वाक्य खोडायला पेन उचललं, तोच विकानं कागद ओढून घेतला आणि पाकिटात घातला.

सकाळी टपालाची बोट सुटण्याआधी मास्तरांनी ते पाकीट टपालपेटीत टाकलं.