आपोआप जाणारी खाज

औषधांच्या इंग्रजी माहितीपत्रकांचं मराठी करण्यात तिचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं, आणि हेच तिला नडलं. एका गोळीच्या पत्रकातलं वाक्य तिला धड कळेना. गोळीमुळे अंगाला सुटणारी खाज गोळी चालू असतानाच जाते, की गोळी बंद केल्यावर? डॉक्टरांना विचारावं, तर झाकली मूठ उघडी पडणार. तिने अंदाजाने ठोकून दिलं, ‘खाज आपोआप जाते.’

पुढे ती एकदा मावशीकडे गेली, तर मावशीचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले.

“डॉक्टरांना दाखवलंस का गं?”

“कशाला उगाच त्यांच्या डोक्याला ताप? गोळीच्या कागदावर लिहिलंय की, आपोआप जाते. महिनाभर वाट बघतेय मेली जायची.”

तिने गोळ्यांच्या खोक्यातला कागद उलगडला. वाक्य तिचंच होतं. शरमेने तिची मान वर होईना.

“मावशी, हे मी लिहिलंय,” ती कशीबशी म्हणाली.

मावशीचा चेहरा एकदम खुलला. “तू लिहिलंयस? अगं, मग तर ते खोटं असायचंच नाही,” म्हणत तिने दुपारची गोळी तळहातावर घेतली.