मुख्य खातं दादाचं

कॅमेरेवाल्याने आधीच बजावलं होतं, "ताई, जो पहिला कोड स्कॅन करेल त्याचं खातं मुख्य. बाकीचे पाहुणे. पाहुण्याला तो कधीही काढू शकतो." मी मोबाईल पुढे केला, तर आई पलंगावरून म्हणाली, "दादाचं आधी. थोरला आहे तो." थोरला परदेशात, पाच वर्षांत इकडे फिरकला नाही, पण मान त्याचा! व्हिडिओ कॉलवर त्याला कोड दाखवला आणि आईला रोज न्हाऊ घालणारी मी राहत्या घरात पाहुणी झाले.

कॅमेरे खरं तर माझ्या नोकरीसाठी होते. आईजवळ बसणारी बाई सोडून गेली होती. ऑफिसातून मधूनमधून आईवर नजर ठेवता आली, तरच नोकरी टिकणार होती.

पंधरा दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात शेजारणीपाशी बोलून गेले, "दादाचं काय, दुरून डोंगर साजरे. फोनवर गोड बोलायला काय जातंय?" कॅमेऱ्याला कानही असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ॲप उघडलं, तर 'तुम्हाला परवानगी नाही'. मी दादाला फोन लावला.

"घरात बसून माझी उणीदुणी काढतेस ना?" तो म्हणाला. "मग आईकडे मीच बघेन."

"बघ की. आत्ता काय करतेय ती?"

"मी मीटिंगमध्ये आहे." त्याने फोन ठेवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांची बोलणी खाऊन अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घर गाठलं.

आई पलंगाशेजारी जमिनीवर पडली होती. घसा पार बसला होता. मी तिला कसंबसं उठवून बसवलं, पाणी पाजलं, हातपाय चाचपून पाहिले. हाड मोडलं नव्हतं, नशीब माझं.

"तासभर दादाला हाका मारत होते," ती कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "त्यानेच पाठवलं ना तुला?"

खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हातारीच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला बोलवेना. "हो," म्हणाले.

"बघ," आई म्हणाली, "तो तिथे राहून लक्ष ठेवतो. आणि तू इथे असून नसल्यासारखी."