माझ्या अंगावरचे शेवटचे चित्र

मित्रांनो, मी शिळाछापाचा एक जुना दगड आहे. दगडाला काळीज नसते, असे लोक म्हणतात. पण वाळू घासल्याचा नुसता आवाज आला तरी माझे थरथर कापते.

खाणीतून निघालो तो एका चित्रकाराच्या छापखान्यात आलो. ते तेलकट खडूने माझ्यावर उलटे चित्र काढीत आणि वर डिंकाचे पाणी फिरवीत. मला ओले केले की रेषांवर पाणी ठरत नसे आणि शाई नेमकी तिथेच बसे. त्यावर कागद दाबला की सुलटे चित्र उमटे. घरोघरी, शाळाशाळांत ती चित्रे लागली. छपाई संपली की मला वाळूने घासून कोरे करीत. ते मी निमूटपणे सोसले, कारण पुन्हा त्यांचाच हात फिरणार असे.

शेवटी त्यांनी सुईत दोरा ओवणारी आपली पत्नी काढली. डिंक वाळल्यावर टर्पेंटाइनने खडूचा काळेपणा धुतला. खडूतली चरबी तेवढी माझ्यात मुरली. वरून मी कोरा दिसू लागलो. पुन्हा डिंकाचा हात देऊन, छपाई उद्या करू, असे ते म्हणाले. पण त्या रात्रीच ते गेले.

मग कितीतरी वर्षे मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. उंदीर पायाशी कागद कुरतडत, आणि मला एकच धास्ती होती: हे चित्र माझ्यावर आहे, हे कुणालाच माहीत नाही.

त्यांचा मुलगा वाईट नव्हता. बाबांचे नाव राहावे, म्हणून त्यांच्याच दगडावर ते कोरून दारात लावायचे त्याने ठरवले. बाबा काम संपले की दगड घासून ठेवीत, एवढेच त्याला ठाऊक होते. त्याने बोलावलेला पॉलिशवाला मला थोपटून म्हणाला, "निम्मं काम तर आधीच झालंय. तरी पैसे पूर्ण घेणार हं." सगळे हसले. मला हसू कुठले येणार! यंत्र कोपऱ्याला लागले, धूळ उडाली. मला ओरडता येत नव्हते.

धूळ बसावी म्हणून त्याने माझ्यावर पाणी ओतले. डिंक विरघळला आणि रेषारेषांवरून पाणी मागे सरले. धाकटी बहीण चहा घेऊन आली होती. ती तिथेच थबकली.

"दादा, यंत्र बंद करायला सांग. ही आई आहे."

नाव कोरायला दुसरा दगड आण, असे तिने त्याला सुनावले. तो खाली बसून नुसता पाहत राहिला. सुई धरलेला हात वाचला होता. दोरा धरलेला हात कोपऱ्याबरोबर गेला होता.

मित्रांनो, कलावंत गेला की त्याचे नाव कोरण्याची घाई करू नका. त्याने मागे काय ठेवले आहे, ते आधी जाणत्याला दाखवा. माझे चित्र अजून छापले गेलेले नाही. शिळाछाप जाणणारे फार थोडे उरले आहेत आणि तेही थकले आहेत. त्यांच्यातला कुणी सापडेपर्यंत मला हात लावू नका. आणि शोधायला उशीरही करू नका.